बाटली एकच, कारणं तीन

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांच्या आग्रहावरून छापत आहोत.)



आज विषय कर्जफेडीचा नाही, म्हणून पाय सैल करून बसा. पण सुरुवात मात्र कर्जाच्या रजिस्टरपासूनच करते.

दोन महिन्यांपूर्वी एका गटाचं रजिस्टर तपासताना मला तीन अंतर्गत कर्जं दिसली. एकाच तारखेची, रक्कम प्रत्येकी 1,600 रुपये, आणि कारणाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी एकच शब्द, ‘घरखर्च’. मी विचारलं, ‘ताई, तिघींचा घरखर्च एकाच दिवशी, एकाच रकमेचा कसा?’ कोणी बोलेना. एक जण पदराआड हसली. मग हळूच कळलं की गावात एक माणूस खोकं घेऊन आला होता. खोक्यात दोन बाटल्या, एक ऑलिव्ह तेलाची आणि एक व्हिनेगरची. सोबत छापील कागद. त्यावर लिहिलं होतं की केस गळणं थांबेल, नवे केस येतील, कोंडा जाईल, उवा जातील, पांढरे केस काळे होतील. तीन महिन्यांचा कोर्स, 1,600 रुपये.

त्या गटात बारा जणी. महिन्याला प्रत्येकीची बचत 100 रुपये. म्हणजे तीन खोक्यांचे 4,800 रुपये ही त्या अख्ख्या गटाची चार महिन्यांची बचत. वर पाच हप्त्यांत फेडायचं तर महिना दोन टक्क्यांनी प्रत्येकीला 96 रुपये व्याज वेगळं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, या तिघींनी ‘घरखर्च’ का लिहिलं असेल? पोराच्या फीसाठी, शेळीसाठी कर्ज मागताना बाईला लाज वाटत नाही. स्वतःच्या डोक्यासाठी मागताना वाटते. लोक म्हणतील, हिला या वयात नटायचं सुचतंय. म्हणून ती गपचूप घेते, आणि गपचूप घेतलेल्या वस्तूबद्दल चार जणींना विचारता येत नाही. फसवणाऱ्याला हेच हवं असतं.

म्हणून आज आपण उघड बोलू. त्या तिघी इथेच बसल्या आहेत. त्यांनीच मला सांगितलं, ‘सांग सगळ्यांना, फक्त नाव घेऊ नकोस.’

व्हिनेगर म्हणजे काय?

चायनीजच्या गाड्यावर बारीक चिरलेल्या मिरच्या घातलेली आंबट पाण्याची बाटली असते ना, तेच व्हिनेगर. काही जण शिरका म्हणतात. त्यात चार ते सहा टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं, बाकी बहुतेक पाणी.

हे डोक्याला का लावतात? त्यात थोडं तथ्य आहे, ते आधी सांगते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, तो सगळ्यांनी पाहिलाय. हे बघा, मी एक पातेलं आणलंय. या थरावर व्हिनेगर टाकते. आले की नाही बुडबुडे? थर विरघळायला लागला. आता असं बघा, जड पाण्यात अंगाचा साबण केसाला लावला की साबण आणि पाण्यातले क्षार मिळून चिकट साका तयार होतो. तो केसावर बसतो. केस धुऊनही राठ लागतात, विंचरताना गुंततात, तुटतात. साबण अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचा. आपली डोक्याची कातडी मात्र किंचित आंबट गुणाची. त्यामुळे साबणानंतर अगदी पातळ आंबट पाणी केसांवरून घेतलं तर साका निघतो आणि केस मऊ लागतात. व्हिनेगरचं काम एवढंच. त्याने केस उगवत नाहीत, पांढऱ्याचे काळे होत नाहीत.

आणि ज्या साबणाऐवजी पुडीचा शाम्पू वापरतात त्यांना याचाही फारसा उपयोग नाही, कारण शाम्पूचा असा साका बसत नाही. शिकेकाई वापरत असाल तर गरजच नाही, ती मुळातच किंचित आंबट गुणाची असते.

आता पहिल्या ताईची गोष्ट. तिने बाटलीतलं व्हिनेगर तसंच, पाणी न घालता डोक्यावर ओतलं. कागदावर ‘मुळांना लावा, एक तास ठेवा’ असं छापलेलं. दहा मिनिटांत आग व्हायला लागली, पण 1,600 रुपयांची वस्तू म्हणून ती दात-ओठ खाऊन तासभर बसली. दुसऱ्या दिवशी कानामागची कातडी सोलली, पाणी सुटलं. केस राहिले बाजूला, आठ दिवस पदरसुद्धा डोक्यावर घेता येईना.

मी तिला हसले नाही. कॉलेजला होस्टेलवर असताना मोबाईलवर बघून मीही हेच केलं होतं. पातेल्याचा थर काढणारी वस्तू जशीच्या तशी कातडीवर ठेवली तर कातडी जळणारच.

कुणाला वापरायचंच असेल तर पद्धत लिहून घ्या:

एक लिटर साधं पाणी, त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर. त्याहून जास्त नाही. केस धुऊन झाल्यावर मान मागे करून हे पाणी केसांवरून सोडायचं. डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. एक-दोन मिनिटं थांबून साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. आठवड्यातून एकदा पुरे. डोक्यात जखम, फोड, खाजवून झालेले ओरखडे असतील तर अजिबात नाही. लहान मुलांना नाही. डोळ्यांत गेलं तर लगेच साध्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा.

आणि एक लक्षात ठेवा. खाण्याचं व्हिनेगर वेगळं आणि केमिकलच्या दुकानात मिळणारं तीव्र अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड वेगळं. स्वस्त पडतं म्हणून ते आणून घरी पाणी मिसळायच्या फंदात पडू नका. त्याने कातडी भाजते, डोळा जातो.

एक काकू मघाशी विचारत होत्या, ‘मग लिंबू चालेल का?’ चालेल. एका लिटरला एका लिंबाचा गाळलेला रस, काम तेच. पण नंतर डोकं, मान, हात नीट धुऊन मगच उन्हात जा. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन लागलं तर काळे डाग पडतात, कधी फोडही येतात. निंदायला जाणाऱ्या बाईने हे विसरू नये.

ऑलिव्ह तेल आणि आपलं खोबरेल

दुसरी बाटली ऑलिव्ह तेलाची. मेडिकलमध्ये बाळाच्या मालिशसाठी छोटा पत्र्याचा डबा मिळतो, ते तेल. ऑलिव्ह हे स्पेन, इटली, ग्रीसकडचं झाड. भारतात राजस्थानात त्याची थोडी लागवड झाली, पण आपल्याकडे दुकानात येतं ते बहुतेक बाहेरून. म्हणून ते महाग.

तेल वाईट नाही. केसाला वंगण मिळतं, गुंता सुटतो, तुटणं कमी होतं. पण हे काम आपल्या कपाटातलं खोबरेल करत नाही का? 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तिन्ही केसांवर तपासून पाहिली. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रथिन झिजून जातं. खोबरेल लावलेल्या केसात ही झीज कमी झाली, बाकी दोन तेलांनी तसं झालं नाही. खोबरेलातलं मुख्य आम्ल लहान आकाराचं, ते केसाच्या आत शिरतं, असं त्यांनी कारण दिलं. हेही सांगते की ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, आणि ऑलिव्ह तेल त्या तपासणीत नव्हतं. तेव्हा मी असं म्हणत नाही की खोबरेल ऑलिव्हला हरवतं. मी एवढंच म्हणते की परदेशातून आलंय म्हणून ते जास्त गुणाचं, असं समजायला काही आधार नाही. कर्ज काढून तर नाहीच नाही.

लावायची पद्धत दोन्ही तेलांची सारखी. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, चुलीवर ठेवू नका. चमचा-दोन चमचे घ्या, मुळांपेक्षा केसांच्या लांबीला आणि टोकांना लावा. अर्धा-एक तासाने धुवा. तेल धुण्याआधी, आंबट पाणी धुतल्यानंतर. दोन्ही एकत्र कालवून लावा असं काही जण सांगतात, पण तेल आणि व्हिनेगर एकमेकांत मिसळतच नाहीत, वाटीत वेगळे थर दिसतात.

ज्यांना कोंडा आहे त्यांनी नीट ऐका. कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलंय, तेल थापा, असं आपण समजतो. कोंड्यामागे बहुतेक वेळा एक बुरशी असते आणि ती तेलावर जगते. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असते तेव्हा तिच्यावर चक्क ऑलिव्ह तेल घालतात! म्हणजे रात्रभर तेल लावून झोपायचं आणि कोंडा का जात नाही म्हणून रडायचं, हे पाहुण्याला जेवू घालून तो जात का नाही असं विचारण्यासारखं झालं. कोंडा जास्त असेल तर काही दिवस डोक्याच्या कातडीला तेल बंद करा. मेडिकलमध्ये केटोकोनॅझोल असलेला शाम्पू मिळतो. तो लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा, आठवड्यातून दोनदा, असं साधारण महिनाभर. गरोदर बाई असेल, बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसऱ्या ताईचे केस आपोआप आले

दुसरी ताई मात्र त्या खोक्यावर खूश होती. म्हणाली, ‘मला तर गुण आला.’ मी विचारलं, बाळ केवढं आहे? म्हणाली, आता आठ महिन्यांचं. केस कधी गळायला लागले? बाळ तीन महिन्यांचं असताना. खोकं कधी घेतलं? बाळ सहा महिन्यांचं असताना.

मावश्यांनो, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. मोठा ताप येऊन गेला, ऑपरेशन झालं, तरी तसंच होतं. शरीराला धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं जिवंत असतात, त्यामुळे बहुतेकींचे पुढच्या काही महिन्यांत आपोआप परत येतात. वाढ मात्र महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणून उशीर लागतोय असं वाटतं. तिचे केस येणारच होते. तीन महिन्यांचा कोर्स सांगतात तो एवढ्यासाठीच. तेवढ्यात निसर्ग आपलं काम करतो आणि पावती बाटलीच्या नावावर फाटते.

रोज पन्नास ते शंभर केस गळणं हेही साधंच आहे. वेणी घालणारी बाई चार दिवसांनी विंचरते, तेव्हा चार दिवसांचे केस एकदम फणीत येतात आणि ती घाबरते.

तिसऱ्या ताईचं रक्त

आता तिसरी ताई. हिचे केस वर्षभर गळत होते. दोन्ही बाटल्या संपल्या, फरक शून्य. मी घरी गेले तेव्हा ती हंडा उतरवून दारातच बसली, धाप लागली होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. आशाताईंना बोलावलं. उपकेंद्रात बोटाला टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.2. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 किंवा वर हवं.

पाळी आठ-आठ दिवस जाते, चार वेळा कपडा बदलावा लागतो, हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. ‘बाईच्या जातीला असायचंच,’ म्हणाली. दम लागतो हे सांगितलं नाही, चक्कर येते हे सांगितलं नाही. पण घरभर केस पडतात म्हणून सासू बोलली, तेव्हा तिने कर्ज काढलं. अंगातलं रक्त कमी झालेलं कुणाला दिसत नाही, केस दिसतात.

2019 ते 21 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सतरंजीवर एक सोडून एक! अंगात लोह कमी असणं हे केस गळण्याचं एक नेहमीचं कारण मानलं जातं. थायरॉईडनेही गळतात. पोटभर डाळ-उसळ मिळत नसेल तरी गळतात. यातल्या कुठल्याही कारणावर बाटली वरून ओतून उपयोग नाही.

आता तिचे उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी जास्त पाळी का जाते तेही तपासायला सांगितलंय. तुम्हीही ध्यानात ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. लिंबू डोक्यावर पिळायच्या आधी जेवणात पिळा, तिथे ते जास्त कामाचं आहे.

आणि केस गळण्याबरोबर धाप लागत असेल, पाळी जास्त जात असेल, वजन अचानक घटलं किंवा वाढलं असेल, डोक्यावर रुपयाएवढे गोल चट्टे पडले असतील, तर तेल-बिल राहू द्या, आधी दवाखाना.

उवांसाठी रॉकेल नको, फवारणीचं औषध तर नकोच

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. त्या कागदावर उवांचंही लिहिलं होतं. व्हिनेगरने उवा मरत नाहीत. तेल चोपडलं की त्या मंदावतात, पण लिखा जिवंत राहतात. मग एका घरी वैतागून आईने काय केलं? पोरीच्या डोक्याला लावायला कपाशीवर फवारायचं औषध काढलं. आजी मध्ये पडली म्हणून वाचलो. बायांनो, डोक्याच्या कातडीतून ते विष थेट रक्तात जातं. पोर जाऊ शकते. रॉकेलही नको, कातडी भाजते, आणि चुलीजवळ गेली तर पेट घेते.

मग करायचं काय? आपली बारीक दातांची फणी. केस ओले करा किंवा तेल लावा, एकेक बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी ओढा, दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. लिखेतून ऊ निघायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून एकदा करून भागत नाही. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. आणि घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी, नाहीतर आज हिच्या डोक्यातली उद्या तिच्या डोक्यात. एवढ्यानं भागलं नाही तर आशाताईंना विचारा, उवांचं वेगळं औषध मिळतं. त्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचं आणि सांगतील तेव्हा परत लावायचं. ज्या पोरीच्या डोक्यात उवा सापडल्या तिला वर्गात मागे बसवू नका, हे अंगणवाडी ताईंनाही माझं सांगणं आहे.

आता गटांनी काय करायचं?

मी तीन गोष्टी मागते. एक, घरोघरी वस्तू विकायला येणाऱ्याला सांगायचं की दादा, गटाच्या बैठकीत या, बारा जणींसमोर सांगा. जो येत नाही त्याचा माल घ्यायचा नाही. दोन, कर्जाच्या रकान्यात खरं कारण लिहायचं. ‘केसांसाठी’ असं लिहिलं तर कोणी हसायचं नाही. हसलं तर ती बाई पुढच्या वेळी सावकाराकडे जाईल. तीन, पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवून सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं आणि कमी निघेल तिच्यासोबत एकीने दवाखान्यात जायचं.

मला एका गटाने विचारलंय की आपणच असं तेल बनवून विकावं का? विचार चांगला आहे. पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि ‘केस उगवतील’ असं छापायचं नाही. ज्या कागदाने आपल्या तिघी फसल्या, तसा कागद आपल्या गटाच्या नावाने निघता कामा नये. त्यावर पुढच्या महिन्यात सविस्तर बोलू.

परवा तिसऱ्या ताईने मला विचारलं, ‘माझे केस येतील ना गं परत?’ मी म्हणाले, खात्रीने सांगू शकत नाही, बघू. ती म्हणाली, ‘राहू दे. परवा हंडा घेऊन आले, न बसता. ते तरी आलं.’ तिचा शेवटचा हप्ता बाकी आहे, 320 रुपये आणि वर व्याज. पण मागच्या बैठकीत तिने रजिस्टर मागून घेतलं, ‘घरखर्च’ खोडलं आणि स्वतःच्या हाताने ‘केसांचं औषध’ असं लिहून सही केली.

मी पुन्हा येईन तेव्हा सगळ्या रजिस्टरांत कारणाचा रकाना खरा दिसावा, एवढंच मागते आणि थांबते.